चौदा तास

आमच्या कार्यालयातील टेबलाच्या डाव्या खणात धर्मग्रामाचा रबरी शिक्का असतो. बाप्तिस्म्याचे दाखले, विवाहाचे दाखले यांच्या जोडीला वर्षाकाठी कितीतरी चारित्र्याचे दाखले या शिक्क्याखालून जातात. कोणाला नोकरीसाठी हवा असतो, कोणाला वसतिगृहासाठी, कोणाला परदेशी जाण्यासाठी. मजकूर ठरलेला असतो : सदर व्यक्तीस आम्ही गेली अमुक वर्षे व्यक्तिशः ओळखतो, तिची वर्तणूक चांगली आहे, तिला आमच्या शुभेच्छा. खाली सही, तारीख आणि शिक्का. सारे काम तीन मिनिटांत आटोपते. धर्मगुरुपदाच्या इतक्या वर्षांत अशा किती दाखल्यांवर आम्ही सही केली, याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही. त्यांतल्या किती जणांना आम्ही खरोखरच 'व्यक्तिशः ओळखत' होतो, हे मोजण्याचे धैर्य तर आम्हांला कधी झालेच नाही.

ती मोजदाद करण्याची वेळ आमच्यावर आली ती आमच्या कार्यालयात नव्हे, तर दूर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात. आणि तीही एका सोळा वर्षांच्या मुलीच्या शाळेच्या कागदामुळे.

२०२३ च्या उन्हाळ्यात तेथील एका धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू रजेवर जाणार होते. त्यांच्या जागी जून ते सप्टेंबर असे चार महिने काम पाहण्याचे निमंत्रण आम्हांला आले व आमच्या महागुरुस्वामींनी परवानगी दिली. परक्या देशात आपली भाषा कानावर पडेल अशी अपेक्षा नव्हती. परंतु दुसऱ्याच रविवारी मिस्सा संपल्यावर दारात एक गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "फादर, तुम्ही वसईचे ना? आम्हीही तिकडचेच." त्या दिवसापासून त्यांचे घर आम्हांला आपलेच झाले. घरात पतिपत्नी, अकरावीत जाणारी एकुलती एक मुलगी आणि गृहस्थांची आई. आजींना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणे अडखळत असे. पण आम्हांला पाहताच त्यांनी डाव्या हाताने क्रुसाची खूण केली आणि गावच्या बोलीत विचारले की, यंदा तिकडे पाऊस वेळेवर लागला का.

मुलीचे आईवडील दोघेही नोकरीला जात. सकाळची दोन तासांची परिचारिका गेली की उरलेला दिवस आजीचे सारे ही मुलगी पाही. शाळा असली की दुपारी तीननंतर, सुट्टी असली की दिवसभर. भरवणे, कूस बदलणे, तोंड पुसणे, औषधे देणे, आणि संध्याकाळी आजीबरोबर मराठीतून रोझरीची प्रार्थना. आम्ही त्या घरी सात-आठ वेळा गेलो. प्रत्येक वेळी ती मुलगी आजीच्या खाटेपाशीच दिसली. तिने याविषयी एक शब्दही कधी काढला नाही. आम्हीही विचारले नाही. कारण आमच्याकडे घरोघरी असेच चालते, त्यात विचारण्यासारखे आम्हांला काही वाटले नाही.

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या आणि एका संध्याकाळी त्या घरी जेवणाच्या टेबलावर एक चार पानी कागद आमच्या दृष्टीस पडला. मुलीच्या शाळेतील नॅशनल ऑनर सोसायटीच्या शाखेने तो दिला होता. हे नाव आम्ही प्रथमच ऐकत होतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांची नातवंडे तिकडे शिकत आहेत, त्यांनी ते ऐकलेही असेल. ही संस्था काय आहे आणि तिच्यात प्रवेश कसा मिळतो, हे त्या रात्री मुलीने आम्हांला समजावून दिले. पुढे आम्हीही थोडे वाचन केले. ते येथे सांगितल्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही.

गुणवंत विद्यार्थ्यांच्या सन्मानसंस्था काढण्याची अमेरिकेतील परंपरा जुनी आहे. व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात ५ डिसेंबर १७७६ रोजी 'फाय बीटा कापा' ही संस्था स्थापन झाली. तो देश स्वतंत्र झाल्याचे जाहीर होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. पुढे हायस्कुलांतील मुलांसाठीही असेच काही असावे, असे शिक्षकांना वाटू लागले. पिट्सबर्गमधील फिफ्थ अव्हेन्यू हायस्कूलचे मुख्याध्यापक डॉ. एडवर्ड राईनरसन यांनी ही कल्पना पुढे नेली आणि १९२१ साली माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने नॅशनल ऑनर सोसायटीची स्थापना केली. लहान वर्गांसाठी तिची धाकटी बहीण १९२९ साली निघाली. आज अमेरिकेतील हजारो शाळांत, सरकारी तशाच कॅथलिक शाळांतही, या संस्थेच्या शाखा आहेत.

तिचे बोधचिन्ह आम्हांला विशेष आवडले : कमानीचा कळीचा दगड आणि त्यावर पेटलेली मशाल. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चच्या कमानी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कळीच्या दगडाचे काम सांगावे लागणार नाही. चारशे वर्षांचे पाऊस झेलून ज्या कमानी उभ्या आहेत, त्यांच्या माथ्यावरचा तो एक दगड दोन्ही बाजूंचा भार पेलून आहे.

या संस्थेच्या अटी चार आहेत आणि त्यांना चार खांब म्हणतात : विद्या, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. पहिली अट आकड्यांची आहे. विद्यार्थ्याची आजवरची एकूण सरासरी निदान ८५ टक्के, म्हणजे तिकडच्या चार गुणांच्या मापाने ३.० असली पाहिजे. हा किमान आकडा झाला; प्रत्येक शाळेला तो वाढवण्याची मुभा आहे आणि अनेक शाळा तो वाढवतात. या मुलीच्या शाळेत तो ३.५ होता व तिची सरासरी त्याहून बरीच वर होती. विद्यार्थी दहावी, अकरावी किंवा बारावीत असावा लागतो आणि त्या शाळेत त्याचे निदान एक सत्र पुरे झालेले असावे लागते.

येथपर्यंत सारे आपल्या ओळखीचे आहे. गुण, टक्केवारी, गुणवत्ता यादी यांत आपलीही मुले मुरलेली आहेत. पण तिकडे गुणांनी फक्त दार किलकिले होते. पुढचे तीन खांब मोजपट्टीने मोजता येत नाहीत. सेवा म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता शाळेसाठी वा समाजासाठी केलेले काम. नेतृत्व म्हणजे केवळ वर्गप्रतिनिधीचे पद नव्हे, तर पुढाकार घेणे, अडचणीतून वाट काढणे, इतरांना बरोबर नेणे. चारित्र्य म्हणजे प्रामाणिकपणा, विश्वासूपणा, दुसऱ्याविषयी आदर आणि जबाबदारीची जाण.

आणखी एक गोष्ट आम्हांला नवी वाटली. या संस्थेत अर्ज करून शिरता येत नाही. तेथे निवड होते. गुणांची अट पुरी करणाऱ्या मुलांकडून शाळा एक माहितीपत्रक भरून घेते. मुख्याध्यापकांनी नेमलेल्या पाच शिक्षकांचे मंडळ ती पत्रके वाचते आणि बहुमताने निर्णय देते. मुख्याध्यापकांना स्वतःला तेथे मत नसते. शाखेचे काम पाहणारा सल्लागार शिक्षक बैठकीला बसतो, पण मत त्यालाही नसते. निवड झालेल्या मुलांना एका समारंभात सामील करून घेतात. अनेक शाळांत चार खांबांच्या नावाने चार मेणबत्त्या पेटवल्या जातात. पुढे कोणी या मापांतून खाली घसरला, तर त्याला लेखी सूचना मिळते, आणि सभासदत्व काढून घेण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

वाचकहो, आपल्याकडेही अशी एक अट आहेच. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. आपण सर्वांनी तो दाखला कधी ना कधी हातात धरला आहे. त्या रकान्यात काय लिहिले होते, हे आठवण्याचीही गरज नाही. सर्वांचे एकच : 'चांगली'. जो मागच्या बाकावर बसून खिडकीच्या काचा फोडत असे त्याचे 'चांगली', आणि जो आपला डबा उपाशी सोबत्याला देत असे त्याचेही 'चांगली'. ज्या शब्दाने कोणालाच कोणापासून वेगळे करता येत नाही, तो शब्द साक्ष देत नाही. तो फक्त जागा भरतो. म्हणून प्रथमदर्शनी आम्हांला अमेरिकेतील ही पद्धत आपल्याहून पुष्कळ प्रामाणिक वाटली.

परंतु चारित्र्याचे माप दुसऱ्याला लावणे किती अवघड असते, हे त्या देशानेही अनुभवले आहे. १९९८ साली केंटकी राज्यातील एका हायस्कूलमध्ये गुणांची अट पुरी केलेल्या दोन मुलींना निवडीतून वगळण्यात आले. विवाहापूर्वीच दोघींवर मातृत्व आले होते व त्यामुळे त्या चारित्र्याच्या खांबात बसत नाहीत, असे मंडळाने ठरवले. प्रकरण न्यायालयात गेले. इतर मुलामुलींच्या खासगी आयुष्याची मंडळाने कोणतीही चौकशी केलेली नव्हती. या दोघींचे तेवढे उघड दिसत होते, म्हणून तेवढे मोजले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संघीय न्यायालयाने दोघींना सामील करून घेण्याचा अंतरिम आदेश दिला. विवाहाविषयी ख्रिस्तसभेची जी शिकवण आहे, ती आम्ही जन्मभर शिकवत आलो आहोत आणि पुढेही शिकवू. तरीही हा प्रसंग वाचून आम्ही अस्वस्थ झालो. ज्या मुलींनी आपल्या मुलांना जन्म दिला, त्यांचीच चूक जगाला दिसली. ज्यांचे काही दिसले नाही, ते निष्कलंक ठरले. जो दुसऱ्याच्या चारित्र्याची साक्ष देतो, त्याने सर्वांकडे सारख्याच डोळ्यांनी पाहिले पाहिजे. नाहीतर तो साक्षीदार राहत नाही.

आता त्या चार पानी कागदाकडे वळू. त्या शाळेच्या शाखेने सेवेसाठी चाळीस तासांची अट घातली होती. तास कोठे भरले, काय काम केले, हे लिहून त्या ठिकाणच्या जबाबदार व्यक्तीची सही आणायची होती. खाली एक टीप होती : स्वतःच्या कुटुंबीयांसाठी केलेले काम सेवेच्या तासांत धरले जाणार नाही.

ही मुलगी दर शनिवारी आमच्या धर्मग्रामाच्या तळघरातील अन्नवाटप केंद्रात येत असे. गरजू कुटुंबांना धान्य, दूध, डबाबंद भाज्या देण्याचे काम तेथे चाले. दर शनिवारी दोन तास. दारापाशी एक वृद्ध बाई वही घेऊन बसत आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाची वेळ लिहून ठेवत. १७ जूनपासून ९ सप्टेंबरपर्यंत तेरा शनिवार झाले होते. ती एकदाही चुकली नव्हती. वहीत तिच्या नावावर सव्वीस तास होते. कागद देण्याची मुदत दहा दिवसांवर आली होती. चाळिसाला चौदा तास कमी पडत होते.

जेवणानंतर मुलगी आजीला औषध द्यायला आत गेली. तिच्या वडिलांनी कागद आमच्यापुढे सरकवला.

"फादर, चौदा तासांचाच प्रश्न आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "सव्वीसच्या जागी चाळीस लिहा. त्या वह्या कोण तपासायला येणार आहे? आणि यात खोटे तरी कोठे आहे? पोरीने आजीचे दोन वर्षे काय काय केले, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ते तास धरले तर चाळीस कशाला, हजार होतील. हा कागदच आंधळा आहे, त्याला आपण काय करणार?"

आम्ही निरुत्तर झालो. त्यांच्या बोलण्यातला शेवटचा भाग खरा होता. कुटुंबातली सेवा न मोजण्याचा नियम दुष्टपणाने केलेला नाही, हे आम्हांला कळत होते. तो नसता तर प्रत्येक घरातील धुणीभांडी तासांच्या हिशेबात आली असती. पण त्या नियमामुळे ज्याच्या घरी आजारपण नाही, धाकटी भावंडे सांभाळायची नाहीत, संध्याकाळी दुकानात काम करून घरखर्चाला हातभार लावायचा नाही, अशा मुलाला बाहेर जाऊन तास भरणे सोपे होते. ज्याच्या पदरी घरचे ओझे आहे, तो मागे पडतो. या मुलीने खरी सेवा भरपूर केली होती. फक्त ती मोजल्या जाणाऱ्या जागी केली नव्हती.

"कागद ठेवून जातो," असे म्हणून ते आम्हांला धर्मगुरुनिवासापर्यंत सोडायला आले. उतरताना म्हणाले, "आजवर आमच्यासाठी काही मागितले नाही, फादर."

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. पेन दोनदा हातात घेतले. खरे सांगायचे तर, लिहायला काहीच जड नव्हते. आमच्या हाताला त्याची सवय होती. आणि ही सवय आठवताच आमच्यापुढे आणखी एक कागद उभा राहिला.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात होतो. रविवारच्या मिस्सानंतर एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. गावातील एका पतसंस्थेत त्याला काम मिळणार होते, त्यासाठी चारित्र्याचा दाखला हवा होता. बाई रोज पहाटेच्या मिस्साला येत. त्यांना आम्ही चांगले ओळखत होतो. मुलाला आम्ही क्वचितच पाहिले होते. आम्ही आईकडे पाहिले आणि मुलाचा दाखला लिहिला. त्याचे काम दुकानदार व भाजीवाल्या बायांकडून रोजच्या पिग्मीचे पैसे गोळा करण्याचे होते. आठ-नऊ महिन्यांनी कळले की, कित्येकांचे पैसे पुस्तकात चढलेच नव्हते. मुलगा गाव सोडून गेला होता. संस्थेच्या व्यवस्थापकांनी आम्हांला दोष दिला नाही. त्यांनी फक्त फाईल उघडून आमचा दाखला दाखवला आणि म्हटले, "फादर, याच्याकडे अनुभव नव्हता, जामीन नव्हता. एवढा एकच कागद होता." बाहेर बाकावर भाजी विकणारी एक म्हातारी बसली होती. रोजचे वीस रुपये तिने मुलीच्या लग्नासाठी टाकले होते. तिने उठून आम्हांला हात जोडले. तिचे पैसे कोणाच्या सहीवर विसंबून गेले, हे तिला ठाऊक नव्हते. आम्हांला ठाऊक होते.

संस्थेने पुढे तिचे बरेचसे पैसे भरून दिले. ती गोष्ट आम्ही मनाच्या कोपऱ्यात ढकलली आणि पुन्हा दाखले लिहू लागलो. सेमिनरीत दहा आज्ञांचे विवेचन शिकताना आठव्या आज्ञेवर आम्ही निबंध लिहिला होता, चांगले गुणही मिळवले होते. पण खोटी साक्ष म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय येते. कोणावर तरी खोटा आळ घेतला जात आहे, असे चित्र येते. प्रेमाने, भिडेखातर, कोणाचे भले व्हावे म्हणून केलेली खोटी स्तुतीही खोटी साक्षच असते, हे त्या निबंधात आम्ही लिहिले होते की नाही, आठवत नाही. आचरणात तरी ते उतरले नव्हते.

चौदा तास खोटे लिहिले असते तर कोणाचे काय बिघडले असते? आम्ही स्वतःला विचारले. ज्या मुलाने आपले अडतीस तास अडतीसच लिहिले, त्याचे बिघडले असते. अनोळखी धर्मगुरूच्या सहीवर विश्वास ठेवणाऱ्या पाच शिक्षकांचे बिघडले असते. आणि सर्वांत जास्त त्या मुलीचे. दोन वर्षे तिने जे खरोखर केले, त्याची किंमत खोट्या नाण्यात चुकवून आम्ही तिला हेच शिकवले असते की, खऱ्याला खोट्याच्या आधाराशिवाय उभे राहता येत नाही. चारित्र्याच्या खांबाखाली पहिली वीट आम्हीच कच्ची बसवली असती.

पहाटे आम्ही कागदावर सव्वीस हा आकडा लिहिला व सही केली. मग एका स्वतंत्र कोऱ्या कागदावर मंडळाला पत्र लिहिले. त्यात विशेषणे घातली नाहीत. तेरा शनिवारांपैकी तेराही शनिवारी ती आली, हे लिहिले. तिच्या घरी आजारी आजी आहे, आम्ही सात-आठ वेळा त्या घरी गेलो व प्रत्येक वेळी तिला काय करताना पाहिले, ते लिहिले. आपल्या नियमात हे काम बसत नाही याची आम्हांला जाणीव आहे. नियम मोडावा अशी आमची विनंती नाही. पण आम्ही जे पाहिले ते आपणांस माहीत असावे, एवढेच लिहिले.

कागद पाहून मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. "ठीक आहे, फादर," एवढेच ते म्हणाले. पुढच्या दोन रविवारी ते मिस्साला आले, पण दारात थांबले नाहीत. आपल्या माणसाने आपल्याच माणसाला परक्या देशात मदत केली नाही, हे त्यांना लागले होते. आम्हांलाही लागले होते. नकार देणाऱ्याला सुख होते, असे कोणी समजू नये.

आमच्या मुक्कामाचा शेवटचा शनिवार होता. अन्नवाटप संपल्यावर मुलगी खोकी घडी करून ठेवत होती. आम्ही तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो की, आमच्यामुळे तिची निवड हुकली तर तिने आम्हांला क्षमा करावी. तिने मान वर केली.

"फादर, मी डॅडींना सांगितलं होतं, विचारू नका म्हणून," ती म्हणाली. "मला भीती वाटत होती."

"आम्ही नाही म्हणू याची?"

"नाही. तुम्ही हो म्हणाल याची. मग मी आजीजवळ बसले असते ना, तर मला सारखं वाटलं असतं, हे मी त्या कागदासाठी करते आहे."

आम्ही काही बोललो नाही. तिने उरलेली खोकी घडी केली आणि ती वहीत वेळ लिहायला गेली.

नोव्हेंबरमध्ये तिचे पत्र आले. निवड झाली नव्हती. सल्लागार शिक्षिकेने तिला बोलावून सांगितले होते की, पत्र सर्वांनी वाचले, परंतु तासांची अट सर्वांना सारखीच लागू आहे. बारावीत पुन्हा विचार होऊ शकतो. आम्हांला वाईट वाटले. तरी मनातल्या मनात त्या मंडळाविषयी आदरही वाटला. २०२४ च्या उपवासकाळात आजी देवाघरी गेल्या. शेवटच्या रात्री रोझरीची प्रार्थना नातीनेच म्हटली, असे मुलीच्या आईने कळवले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, बारावीत असताना, तिची निवड झाली. तोवर तिच्या शनिवारांचे तास चाळिसांच्या कितीतरी पुढे गेले होते. तिच्या वडिलांनी समारंभाचे छायाचित्र आम्हांला पाठवले. त्यात ती हातात मेणबत्ती धरून उभी आहे. छायाचित्राखाली त्यांनी काही लिहिले नव्हते. पण आमचे नाव, पत्ता व पिनकोड सुवाच्य अक्षरांत लिहिलेला होता, आणि आम्ही त्यात समाधान मानले.

डाव्या खणातला शिक्का अजून तेथेच आहे. दाखले अजून लिहावे लागतात. परंतु एक फरक पडला आहे. आता दाखला मागणाऱ्याला आम्ही खुर्चीवर बसवतो आणि ठरलेला मजकूर न लिहिता आम्ही काय पाहिले ते लिहितो. 'हा मुलगा गेली दोन वर्षे सणाच्या आधी मंडप बांधायला येतो आणि सण झाल्यावर तो सोडवायलाही येतो.' 'या मुलीने धर्मशिक्षणाचा लहान मुलांचा वर्ग एक वर्ष सांभाळला.' ज्याच्याविषयी आम्हांला काहीच ठाऊक नसते, त्याला तसे सांगतो. काही जण नाराज होऊन जातात. एका गृहस्थांनी तर सुनावले की, पूर्वीचे फादर एका मिनिटात देत असत. पूर्वीचे ते फादर आम्हीच होतो, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

गेल्या महिन्यात वसतिगृहाच्या प्रवेशासाठी एक मुलगा आला. त्याच्या आईवडिलांना आम्ही ओळखतो. त्याला ओळखत नव्हतो. आम्ही त्याला म्हटले, "बाळ, मुदत कधी आहे?" तो म्हणाला, तीन आठवडे आहेत. "मग तीन रविवार आहेत," आम्ही म्हटले. "वृद्धांना घरी ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही जातो, तेव्हा आमच्याबरोबर चल. पिशवी धर, दार उघड. चौथ्या दिवशी दाखला घेऊन जा."

तो तीनही रविवारी आला. दुसऱ्या रविवारी उशिरा आला, हेही आम्ही दाखल्यात लिहिले.